राखणदाराचे पाय

वेंगुर्ला, १९ मे

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

घर उघडून आज पाचवा दिवस. पहिल्या दिवशी कुलूप निघेना. शेजारच्या काकींनी खोबरेल सोडलं, तेव्हा निघालं. मागच्या माडाचं झाप पडून चार कौलं फुटली आहेत, ती पावसाआधी बदलून घेते. वाळवी नाही. विहिरीला पाणी आहे. आई, हे आधी कळल्याशिवाय तुझं पुढच्या मजकुरात लक्ष लागणार नाही, म्हणून आधी लिहिलं.

फोन बाबांच्या हातात गेला की "बरी आहेस ना, घे, आईशी बोल" एवढ्यावर संपतो. जे सांगायचं आहे ते एवढ्यात मावणारं नाही. दादाच्या मुलीला सांगा, सावकाश वाचून दाखव.

मेकअपच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बोलावलंय, एवढं तुम्हाला माहीत आहे. डोंबिवलीला दादाच्या टीव्हीवर आपण तिघांनी तो अमेरिकेचा 'फेस ऑफ' बघितला होता, आठवतो? २०११ ते २०१८ असे तेरा हंगाम चालला तो. त्यातल्या व्ही नील या परीक्षक बाईंना तीन ऑस्कर मिळालेले आहेत, असं मी सांगितलं तेव्हा बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते. ते लोक आधी लांब बसून बघतात आणि मग उठून अगदी नाकाजवळ जाऊन बघतात, हे बाबांना आवडलं होतं. इथे तसंच आहे, फक्त लहान. इंटरनेटवर दाखवायचा कार्यक्रम, भाड्याने घेतलेला एक हॉल, आठ मुलं. परीक्षक तिघं: मी, मुंबईचे एक नेपथ्यकार, आणि दशावतारात चाळीस वर्षं राजा नि राक्षस रंगवलेले आपल्याच तालुक्यातले एक काका. जत्रेच्या रात्री पेटाऱ्याच्या झाकणातल्या आरशात बघून स्वतःचं तोंड स्वतःच रंगवणारा माणूस. त्यांच्या शेजारी परीक्षक म्हणून बसायचं मला पहिल्या दिवशी फार दडपण आलं.

या फेरीचा विषय होता राखणदार. कार्यक्रमवाल्यांनी आधी "कोकणातलं भूत" असा दिला होता. काकांनी तो कागद परत केला. म्हणाले, ज्याच्या नावाने आपण गाऱ्हाणं घालतो, नारळ ठेवतो, तो भूत कसा? मग विषय बदलला.

बाबा, काम कसं चालतं ते तुमच्या भाषेत सांगते, कारण ते तुमच्याच कामासारखं आहे. आधी माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा. त्याला जी पावडर वापरतात ती समुद्रातल्या शेवाळापासून करतात. आई, तुझ्या कवळीचं माप घेताना डॉक्टरांनी तोंडात गार लगदा भरला होता ना, तीच ही. त्या साच्यात प्लास्टर ओतलं की माणसाचं डोकं मिळतं. त्या डोक्यावर मातीने नवा चेहरा घडवायचा, त्याचा परत साचा, आणि त्यात सिलिकॉन. सुटून येतो त्याला आम्ही पीस म्हणतो. तो कातडीला चिकटवायचा, कड बुजवायची, रंगवायचं. कड म्हणजे एज. सगळं त्या एजवर असतं. पीस जिथे संपतो तिथे तो कागदाहून पातळ होत होत कातडीत विरला पाहिजे. तो विरला नाही तर बघणाऱ्याला म्हातारा दिसत नाही, रबर दिसतं.

मुलांना अडीच दिवस मिळाले होते. त्यात हा मे महिना. सिलिकॉन घाम शोषत नाही की बाहेर सोडत नाही, त्यामुळे तो खाली तिथेच साठतो आणि चिकटवलेला पीस आतून सुटायला लागतो. मुंबईत स्टुडिओत एसी असतो. इथे हॉलला पंखे, आणि खिडकीतून खारं वारं. सगळ्याच मुलांची दमछाक झाली.

शेवटी दोघांवर अडलं. एक चिपळूणची मुलगी, एक लांज्याचा मुलगा. त्यांतल्या एकाला घरी पाठवायचं होतं.

चिपळूणच्या मुलीचं काम मी नाकाजवळ जाऊन बघितलं आणि मला कड सापडेना. खरंच सापडेना. दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून बघितलं. रंग एकावर एक ठिपक्यांनी चढवलेला, आधी तांबूस, मग निळसर, मग पिवळट, त्यामुळे कातडीखाली रक्त असल्यासारखं वाटत होतं. पण तिने राखणदाराला सुळे दिले होते. डोळे लाल. कपाळातून शिंगासारखं काहीतरी वर आलेलं. मी विचारलं, हा कोणाची राखण करतो? ती म्हणाली, गावाची. मी म्हटलं, मग गावातलं लहान मूल याला बघून याच्याकडे येईल की पळेल? ती गप्प झाली. काम इतकं स्वच्छ आणि माणूस चुकीचा, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि लांज्याचा मुलगा. त्याने चेहरा म्हाताऱ्याचा केला होता, साधा, बागायतीत काम करणाऱ्या कुणाही आजोबांसारखा. पण त्याचा वेळ गेला होता तो पायांवर. आईशप्पथ, बाबा, असे पाय मी कुणी घडवलेले बघितले नाहीत. टाचांना भेगा, भेगांत जांभ्याची तांबडी माती, अंगठ्याचं नख अर्धं काळं पडलेलं, आणि तळवे झिजलेले. झिजलेले म्हणजे बाहेरच्या कडेने जास्त, जसे रोज चढउतार चालणाऱ्याचे झिजतात. आरवलीच्या वेतोबाला आपण केवढाल्या चपला वाहतो, आणि देव रात्री गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात असं मानतो, ते त्या मुलाने आजीकडून ऐकलं होतं. तो म्हणाला, "चपला झिजतात तर पाय पण झिजत असतील ना." काका उठून त्या मॉडेलच्या पायांपाशी खाली बसले. वयाने सत्तरीचा माणूस. परत आल्यावर मला हळू म्हणाले, "मी त्या पायांका हात जोडलंय."

पण चेहरा. त्या मुलाने अखंड पीस न करता नाक, गाल, हनुवटी-गळा असे वेगवेगळे तुकडे केले होते. विचार चांगला होता. अमेरिकेच्या डिक स्मिथने १९७० साली डस्टिन हॉफमनला १२१ वर्षांचा म्हातारा केला तो असाच, तुकडे एकमेकांवर चढवून, म्हणजे चेहरा मोकळा हलतो. पण जितके तुकडे तितक्या कडा. आणि याचा पहिला पीस घट्टच झाला नाही, चिकट राहिला. त्याने कामात साधे रबरी हातमोजे घातले होते. त्या रबरात गंधक असतं, आणि प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाला शिवलं की जमत नाही. मातीतही गंधक असेल तर तेच. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. अर्धा दिवस गेला. मग घाईत दुसरे पीस, जाड कडा, आणि मॉडेलने तोंड उघडून दोन शब्द बोलताच जबड्याखाली पीस सुटला. बोट जाईल एवढा.

काका म्हणाले, मुलगा राहू दे. जत्रेत शेवटचा माणूस पन्नास हात लांब बसतो, त्याला कड दिसत नाही, त्याला माणूस दिसतो. नेपथ्यकार मुलीच्या बाजूने होते. राहिले मी.

मी बाहेर पडवीत जाऊन उभी राहिले, आणि मला आपली गणपतीची शाळा आठवली, तुमची मूर्ती घडवायची जागा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक डोक्यावर गणपती घेऊन जायला यायचे. एका वर्षी पाऊस थांबला नव्हता आणि वाडीतल्या एकांचा गणपती आतून ओला राहिला होता. तुम्ही रात्रभर शेगडी घेऊन बसलात. मी विचारलं होतं, त्यांना सांगा ना पावसाने वाळला नाही. तुम्ही म्हणालात, त्यांनी पाट आणून दिला तेव्हा पावसाचं काही ठरलं नव्हतं. वेळेला पुरं झालेलं काम हाच कामाचा अर्धा भाग असतो, हे मी तिथे शिकले. कॅमेऱ्यासाठी चेहरा मागितला होता. कॅमेरा पन्नास हात लांब नसतो.

मी मुलाच्या विरुद्ध मत दिलं. अजूनही मला ते बरोबर वाटतं. रात्री जेवण गेलं नाही, तरीही बरोबर वाटतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

निकाल सांगताना कार्यक्रमवाल्यांपैकी एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, थोडं कडक बोला, एक वाक्य टाका आणि सोडून द्या, मुलगा रडला तर चांगलं दिसेल. मला इतका राग आला की हात थरथरले. मी म्हटलं, मला दहा मिनिटं लागतील, तुम्ही दाखवा नाहीतर कापा. मी त्या मुलाला त्याच्या मॉडेलजवळ नेलं. त्याचं बोट धरून त्या सुटलेल्या कडेवर ठेवलं. इथे जाड राहिलं, का, तर साचा भरताना बाहेरची कड दाबली गेली नाही. हे हातमोजे, यात गंधक, विनाइलचे मिळतात ते घे. तुकडे चार केलेस, वेळ दोनच तुकड्यांचा होता. आणि मग पायांपाशी नेलं आणि तिथेही तसंच, हे का चांगलं आहे ते एकेक. नख काळं करताना तू रंग वरून दिला नाहीस, आतून दिलास, म्हणून ते खरं झालं. तो रडला नाही. त्याने खिशातून कागद काढून हातमोज्यांचं लिहून घेतलं. चिपळूणच्या मुलीशीही तेवढाच वेळ बोलले. ती राहिली आहे, पण सुळ्यांचं तिला कळलं पाहिजे.

बाबा, मी सातवीत असताना पहिला गणपती केला होता. वीतभर उंचीचा, शाडूचा. तुमच्या उरलेल्या मातीतून, दुपारी तुम्ही झोपलेले असताना, आठ दिवस लपवून. नवव्या दिवशी तुमच्या पाटावर आणून ठेवला. तुम्ही दारात जाऊन लांबून बघितलात. मग जवळ येऊन बघितलात. सोंडेला एकदा अंगठा लावलात. आणि काही न बोलता तो उचलून मातीच्या ढिगात दाबलात, वरून पाणी मारलंत. "खंय चुकला ता तुकाच कळात," एवढंच म्हणालात आणि कामाला लागलात.

आई, त्या रात्री मी जेवले नाही तेव्हा तू म्हणाली होतीस, त्यांचे वडीलही तसेच होते. मला ते तेव्हा पुरलं नाही.

तुमच्यावर राग धरून मी हे लिहीत नाही. माती परत मातीत गेली हे बरोबरच होतं, चुकीचा गणपती पाटावर चढवायचा नसतो. पण मला कळलं नाही, बाबा. मी पुढे तीन वर्षं सोंडच सुधारत राहिले, कारण तुमचा अंगठा सोंडेवर लागला होता. मुंबईला शिकायला गेले, मग कामाला लागले, किती चेहरे केले, आणि दर वेळी काम संपलं की मी दारापर्यंत लांब जाऊन बघते, जसे तुम्ही बघता. बघणं मी तुमच्याकडून घेतलं. पण त्या बघण्यात तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि काल त्या मुलाचं बोट धरताना मला जाणवलं की मी त्याला जे देते आहे ते मला हवं होतं. ज्याचं काम आपण बाजूला काढतो त्याला कारण मिळालं पाहिजे, आणि ते बोट ठेवून दाखवता येईल असं मिळालं पाहिजे. हे माझं मत आहे, आणि तुमच्या पुढे ते मोकळेपणाने मांडते आहे. तुम्हाला पटलं नाही तर सांगा.

आज सकाळी शाळा उघडली. साचे जिथल्या तिथे आहेत, तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पोटमाळ्यावर अकरा पाट आहेत, त्यांतले तीन कुणाचे ते खडूने लिहिलेलं पुसलंय. डोळ्यांच्या आखणीचे तुमचे बारीक ब्रश डब्यात होते, केस अजून मऊ आहेत, मी तेलाचा हात फिरवून ठेवले. कोपऱ्यातला शाडू दगडासारखा झाला होता. फोडून बादलीत भिजत घातलाय.

मी शुक्रवारी निघते. आई, कोकमाचं आगळ दोन बाटल्या भरून घेतलंय, काकींच्या झाडाचं. सोलं वाळत आहेत, तेवढी शुक्रवारपर्यंत होतील. आणि बाबा, शाडूचा एक गोळा ओल्या फडक्यात बांधून आणते. तुमचा हात थरथरतो हे मला माहीत आहे. घडवायचं मी घडवीन, वीतभर, तसाच, जेवढा आठवतो तेवढा. तुम्ही फक्त समोर बसा आणि कुठे चुकलं होतं तिथे बोट ठेवा.

तुमची धाकटी