त्या सहा तासांत शेजारी कोण बसणार?

मा. आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

सायकेडेलिक, म्हणजे जाणीव बदलून टाकणाऱ्या, औषधांच्या नियमांचा विषय निघाला की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: आजार कोणता आणि मात्रा किती. मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्यांचं दुखणं या दोन्हींत बसत नाही, म्हणून हे पत्र.

मागे एक बाई आल्या होत्या. आजार कसलाच नव्हता. आई गेल्यापासून मरण म्हणजे काय, आपण कोण, हे प्रश्न त्यांची पाठ सोडत नव्हते. कुणाच्या तरी ओळखीने एका परक्या घरी त्यांनी सिलोसायबिन हे असंच द्रव्य असलेली अळंबी घेतली. "मी उरलेच नाही, तरी सगळं होतं," एवढंच त्यांना सांगता आलं आणि सांगताना चेहरा उजळला. पण नेमकं तेव्हाच शेजारी बसलेला माणूस कानाशी म्हणाला होता, "नवऱ्यामुळे तू अडकली आहेस." तीन आठवडे उलटले होते. माझ्यासमोर बाई रुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. ते वाक्य आतून आलं की त्या माणसाकडून, हे त्यांना ठरवता येईना.

मंत्रिमहोदय, साधारण सहा तास टिकणाऱ्या त्या अवस्थेत गोष्टी 'वाटत' नाहीत, 'कळतात'. शंकेला जागाच उरत नाही. मरणाची भीती गळून पडते ती यामुळेच, आणि दुसऱ्याने पेरलेला शब्द साक्षात्कारासारखा रुजतो तोही यामुळेच.

2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले संशोधक रोलंड ग्रिफिथ्स यांनी 36 निरोगी माणसांना सिलोसायबिन दिलं होतं. दोन-तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. त्याच गटातले जवळजवळ एक-तृतीयांश लोक सत्रात कधी ना कधी फार घाबरले होते. ते निभावलं, कारण आधी अनेकदा भेटून विश्वास जमलेली माणसं शेजारी होती. हे रुग्ण नव्हते, हे कृपया ध्यानात घ्यावं.

मेक्सिकोतल्या मारिया साबिना या माझातेक आदिवासी समाजातल्या वैदू बाई अळंबी देऊन रात्रभर माणसाजवळ गात बसत. 1957 साली त्यांच्या विधीची बातमी जगभर गेली आणि बाहेरच्यांची रीघ लागली. लोकांनी अळंबी उचलली. शेजारी बसणं मात्र तिथेच राहिलं.

भल्या माणसांचीही चूक होते. 1962 साली बोस्टनच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला; 10 जणांना सिलोसायबिन मिळालं. त्यातल्या एकाला आवरायला शामक औषध द्यावं लागलं, पण ते अहवालात आलंच नाही. 1991 साली ते उजेडात आलं.

मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांविषयीचा 1971 चा संयुक्त राष्ट्रांचा करार संशोधनाला आणि मोजक्या वैद्यकीय वापराला वाट देतो. विधीत रानातल्या वनस्पती परंपरेने वापरणाऱ्या छोट्या समूहांसाठी देशांना सवलतही राखता येते. पण ज्याला ना आजार आहे ना अशी परंपरा, त्याने जायचं कुठे? तो चोरवाटेने जातो आणि तिथे काय घडतं ते वर लिहिलं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2020 च्या मतदानानंतर आजाराच्या निदानाची अट न घालता, सत्रात शेजारी बसणाऱ्या परवानाधारक सोबत्यांची सोय केली. ती व्यवस्था जशीच्या तशी उचला, असं मी म्हणत नाही. पण प्रौढ, निरोगी साधकासाठी देखरेखीखालची वाट काढा.

त्या वाटेवर सोबत्याने काय बोलायचं नाही, हे नियमांत लिहा. स्वतःचा देव, गुरू किंवा निष्कर्ष त्याने त्या तासांत पुढे करू नये. स्पर्शाची संमती आधी लेखी असावी आणि सत्र चालू असताना ती वाढवता येऊ नये. घरात कुणाला सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा मानसिक आजार, झाला आहे का, हे आधी विचारावं. बिघडलेल्या सत्राची नोंद त्रयस्थाकडे जावी.

नियमांसाठी समिती नेमाल तेव्हा सत्रानंतरच्या माणसांना भेटणारी एक तरी व्यक्ती तिच्यावर घ्या. बोलवाल तेव्हा मी येईन. नाव उघड होणार नसेल तर त्या बाईही बोलायला तयार आहेत.

आपली नम्र,
एक समुपदेशक