प्रयोगशाळेतील मामांना आभारपत्र

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ऑक्झॅलिक आम्लाचे सोडियम हायड्रॉक्साइड या अल्काने अनुमापन करताना, म्हणजे आम्ल उदासीन करायला किती मिलिलिटर अल्क लागते ते मोजताना, माझी रीडिंग 10.4, 10.9, 10.6 अशी भरकटत होती. शेजारच्या टेबलावर उत्तर आधी ठरवून तीन सारखी रीडिंग वहीत उतरवणे चालू होते, आणि मीही त्याच बेतात असताना आपण ट्रे घेऊन जाता जाता थांबलात आणि विचारलेत, "पोरी, फ्लास्क कशानं विसळलास?"

मी तो आम्लाच्या द्रावणानेच विसळत होते. ब्युरेट (तोटीची मापनळी) आणि पिपेट (ठरावीक माप उचलणारी नळी) त्यात भरायच्या द्रावणाने विसळावीत हा फळ्यावरचा नियम मी शंकुपात्रालाही, म्हणजे फ्लास्कलाही, लावला होता. ब्युरेटमध्ये पाणी राहिले तर द्रावण पातळ होते, म्हणून तिथे तो नियम, फ्लास्कमध्ये मात्र पिपेटने मोजलेले 10 मिलिलिटर एवढेच आम्ल हवे, आणि आतून चिकटून राहिलेले आम्ल हिशेबात नसूनही अल्क खाते, हे आपण आपल्या भाषेत सांगितलेत: "पाणी कितीही असू दे, आतला माल तेवढाच राहतो." डिस्टिल्ड वॉटरने विसळल्यावर पहिले रीडिंग 10.1 आले आणि पुढची दोन्ही 10.0. मोलॅरिटीची (एक लिटर द्रावणात पदार्थाचे किती मोल, याची) व्याख्या मला पाठ होती. ती समजली त्या वाक्याने.

त्याच दिवशी आपण अर्धा थेंब सोडायला शिकवलेत. तोटीच्या टोकाला लोंबणारा थेंब फ्लास्कच्या कडेला टेकवायचा, धुवून आत घ्यायचा, आणि खाली पांढरी टाइल ठेवून फिनॉल्फ्थॅलिनची (अल्कात गुलाबी होणाऱ्या दर्शकाची) जेमतेम जाणवणारी गुलाबी छटा पाहायची. गडद गुलाबी रंग आणून खूश झालेल्या मुलांना आपण "सरबत केलंस" म्हणत असा, ते आठवते. या काटेकोरपणाचे कारण मला पुढे पदवीला कळले: शेवटच्या बिंदूच्या (आम्ल पुरते संपते त्या क्षणाच्या) एक थेंब अलीकडे आपल्या त्या द्रावणाचा सामू (pH) साधारण सव्वासहा असतो आणि एक थेंब पलीकडे तो दहाच्या वर जातो. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक तर त्याच्या बरेच आधी, साडेचारच्या आतच, पिवळे होऊन मोकळे होते.

सध्या मी एका दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. 10 मिलिलिटर दुधात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब घालून 0.1 नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करायचे, आणि ब्युरेटच्या रीडिंगला 0.09 ने गुणायचे, की लॅक्टिक आम्लाच्या हिशेबाने आम्लतेची टक्केवारी मिळते, 1.5 मिलिलिटर लागले तर 0.135. (ताज्या दुधातली ही आम्लता खरे तर केसीन, फॉस्फेट यांची असते, पण मोजदाद लॅक्टिक आम्लाच्याच नावावर चालते.) एकूण दीड मिलिलिटरच्या खेळात दोन-तीन थेंब जास्त पडले, तर चांगले दूध आंबट ठरून कुणाचा कॅन परत जाऊ शकतो. दुधाच्या पांढऱ्यावर ती फिकट छटा ओळखणे पाण्यातल्यापेक्षा अवघड असते, म्हणून मी शेजारी नुसत्या दुधाचा फ्लास्क ताडून पाहण्यासाठी ठेवते.

आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाचे रीडिंग परवा असेच जुळत नव्हते. मी त्याला काय विचारले असेल, ते आपण ओळखालच.

आपली कृतज्ञ,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी