आजी मागे पडत नाही

प्रिय विन्या,

तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतोच. पत्राचं कारण वेगळं. कादंबरीचं बाड परत आलंय आणि संपादकांनी नेमक्या आजीच्या प्रकरणावर लाल रेघ ओढलीय. मुक्ता आजीचा देह अंतराळयानाबाहेर सोडते तिथे ‘आजी हळूहळू मागे पडत दिसेनाशी झाली’ असं लिहा, वाचकाच्या डोळ्यांत पाणी येईल, असं त्यांचं म्हणणं.

अरे, पण ती मागे पडेल कशी? इंजिन कधीचंच बंद आहे. व्हॉयेजर १ हे अंतराळयान १९७७ मध्ये सोडलं. आज ढकलायला कुणी नसताना ते सेकंदाला १७ किलोमीटरने चाललंच आहे ना? तसंच हे यान आणि तशीच आजी. दोघांचा वेग प्रकाशाच्या एक दशांश. मुक्ताने सेकंदाला १ मीटर इतका हलका धक्का दिला, तर २० वर्षांत आजी सव्वासहा लाख किलोमीटर बाजूला जाईल, चंद्राहूनही लांब. पण मागे? तसूभरही नाही.

आणि पुढचं ऐक. प्रॉक्सिमा हा तारा जवळ आल्यावर यान ब्रेक लावतं, ८ वर्षं. आजीला कसला ब्रेक! तेवढंच अंतर ती ४ वर्षांत कापते. जिला तो तारा डोळ्यांनी बघायचा होता, तीच सगळ्यांच्या आधी तिथे पोचते आणि न थांबता पुढे जाते. विन्या, हे मी कसं खोडू? अख्खी कादंबरी याच्यासाठी लिहिलीय.

गच्चीवरचं भांडण आठवतंय? ‘माणसाएवढं पाणी बाहेर टाकणाऱ्या कॅप्टनलाच आधी बाहेर टाका,’ म्हणून तू ओरडलास आणि नंद्या हसता हसता पायरीवरून घसरला. तुझा मुद्दा घेतलाय. अंतराळ स्थानकावर ९८ टक्के पाणी परत मिळवतात. माझ्या यानावर तर थेंबही सोडत नाहीत. आजीचं पाणी टाकीत जातं, उरलेली आजी बाहेर. त्या रात्री मुक्ता पेला भरते, ओठांपर्यंत नेते, खाली ठेवते. पहाटे पिते. हे पान संपादकांना आवडलं, बरं का! मग पुढचं का नको? तिथे रडू येत नाही म्हणून? मला तर दर वेळी येतं.

वीणाची बदली झाली का? धाकट्याची परीक्षा कशी गेली? नवं घर लागलं म्हणे, छान.

ब्रेकचं गणित एकदा तपास. यान एकसारखं मंदावतं असं धरलंय. शुक्रवारी त्यांना उत्तर द्यायचंय, त्याआधी कळव.

तुझा,
सुध्या