लग्नाची नोटीस बोर्डावर लावणं थांबवा: महसूल मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महसूल मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

नोंदणी व मुद्रांक विभाग तुमच्याकडे आहे, म्हणजे रजिस्टर लग्न लावणारे विवाह अधिकारीही तुमच्याच हाताखाली येतात, म्हणून हे तुम्हालाच लिहितेय.

दोघांचे धर्म वेगळे असतील आणि धर्म न बदलता लग्न करायचं असेल तर बहुतेकांना 1954 चा विशेष विवाह कायदा हाच रस्ता असतो. अटी तशा साध्या आहेत, मुलगा 21 चा, मुलगी 18 ची, आधीचा जोडीदार हयात नको, संमती देण्याइतकं भान पाहिजे आणि निषिद्ध नात्यातलं लग्न नको. आई-वडिलांची परवानगी यात कुठेच नाही. पण त्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेलं असायला हवं, मग नोटीस द्यायची, मग ती नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावणार आणि कुणी हरकत घेतं का हे बघायला परत 30 दिवस थांबायचं. घर सोडून दुसऱ्या शहरात आलेल्या जोडप्याचे यात दोन महिने जातात. त्या नोटिशीत नाव, वय, काम आणि राहायचा पत्ता असतो आणि नोटिशींचं रजिस्टर कुणीही येऊन फुकट बघू शकतो.

माझ्या मैत्रिणीच्या वेळी मी साक्षीदार होते (तीन लागतात). ऑफिसच्या पॅसेजमधे काचेचा बोर्ड, त्यात एकावर एक पिना मारलेल्या नोटिसा, प्रत्येकीवर दोघांचे पासपोर्ट साइज फोटो. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात दोन पोरं आली, त्यांचं तिथे काहीच काम नव्हतं, मोबाईल काढला आणि एकेका नोटिशीचा फोटो घेत गेली, खिडकीतल्या क्लार्कने बघितलं आणि मान खाली घातली. आठवडा व्हायच्या आत तिच्या वडिलांना अनोळखी नंबरवरून फोन, तुमची मुलगी अमक्याशी लग्न करतेय, नोटिशीचा फोटो पाठवतो. पुढे तिचा मोबाईल काढून घेतला, नोकरीवर जाणं बंद झालं. लग्न शेवटी झालं, पण त्या महिन्यात तिने काय भोगलं ते मी बघितलंय आणि ती माहिती सरकारी बोर्डावरूनच गेली होती.

साहेब, फोटो तर कायद्यातही नाहीये. नोटिशीचा नमुना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, त्यात फोटोचा रकाना नाही. मग तो बोर्डावर का लागतो?

लोक म्हणतात नोटीस नसेल तर फसवणूक होईल, आधी लग्न झालेला माणूस दुसरं करेल. ही भीती खोटी नाही. पण दोघं हिंदू असतील तर आळंदीला जाऊन त्याच दिवशी लग्न लावून येतात, तिथे कुणी 30 दिवस थांबवत नाही, फसवणूक तिथेही होऊ शकतेच की. खोटं लिहून दिलं तर शिक्षा याच कायद्यात आहे, दुसऱ्या लग्नाचा गुन्हा वेगळा आहेच. मग वेगळ्या धर्मात लग्न करणाऱ्यांवरच एवढा संशय का? याचा परिणाम असा होतो की धर्म बदलायचा नसलेली पोरं नोटीस टाळायला धर्म बदलतात. हरकत कुणीही घेऊ शकतो आणि ती खोडसाळ निघाली तरी त्याच्याकडून जास्तीत जास्त 1000 रुपये वसूल होतात. इंग्रजांच्या 1872 च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर थांबायची मुदत 14 दिवसांची होती, स्वतंत्र भारताने ती वाढवून 30 केली, हे मला आजही पटत नाही.

सुप्रीम कोर्टाने 2018 मधे शक्ती वाहिनी केसमधे सांगितलं की अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष करा, सुरक्षित घराचा विचार करा. म्हणजे एक खातं त्यांना लपायला जागा देणार आणि दुसरं खातं त्यांचा पत्ता भिंतीवर लावणार! दिल्ली हायकोर्टाने 2009 मधे घरच्या पत्त्यावर नोटिसा पाठवणं चूक ठरवलं. केरळ सरकारने 2020 मधे नोटिसा वेबसाइटवर टाकणं बंद केलं. अलाहाबाद हायकोर्टाने 2021 मधे तर नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्यानेच ठरवावं असं म्हटलं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही हे मला माहितेय, पण राजर्षी शाहू महाराजांनी 1919 मधे आंतरजातीय लग्नाला कायद्याने मान्यता दिली त्या राज्याने यात मागे का राहावं?

फोटो लावणं तुम्ही एका परिपत्रकाने उद्या बंद करू शकता. घरी पत्र पाठवू नका, आई-वडिलांना आणा म्हणू नका, बोर्डाचे आणि रजिस्टरचे फोटो कुणाला काढू देऊ नका, हेही त्यातच लिहा. पत्ता आणि 30 दिवस मात्र कायद्यातच आहेत, ते परिपत्रकाने जाणार नाहीत. पण लग्नाचा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात, राज्य आपली दुरुस्ती विधानसभेत मंजूर करून राष्ट्रपतींच्या संमतीला पाठवू शकतं. कलम 6 (नोटीस लावणं) आणि कलम 7 (हरकत) यांसाठी तसं विधेयक आणा, ही माझी खरी मागणी आहे.

तोवर परिपत्रक तरी काढा आणि ते प्रत्येक विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात, त्याच बोर्डावर, मोठ्या अक्षरात लावायला सांगा, म्हणजे खिडकीवर कुणी आई-वडिलांना घेऊन या म्हटलं तर पोरीला बोट दाखवता येईल.

आपली,
पुण्यातली एक नागरिक