मामा, सही झाकली नाहीत म्हणून

मामा, नमस्कार.

प्रदर्शन संपून आठवडा झाला. बाकीची चित्रं घरी आलीत. ती भिंतीला टेकवून ठेवलीत आणि त्यांच्याकडं बघत हे लिहिते आहे. तुम्ही मोबाइलवर असलं काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. सूनबाई वाचून दाखवतील आणि तुम्ही "एवढं काय लिवायचं त्यात" म्हणाल. तरी लिहिते.

बाकीच्यांना आधी थोडं सांगायला हवं. तुम्ही चित्रांच्या फ्रेमा करता, मी चित्रकार. चित्रकार म्हणजे दिवसभर चित्रं काढत बसणारी बाई, असं लोकांना वाटतं. माझी सकाळ पोराच्या डब्यात जाते, दुपार शाळेतल्या तासांत, संध्याकाळ एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या शिकवणीत. मधेच कुणाच्या तरी आजोबांचं फोटोवरून पोर्ट्रेट, कारण वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं असतं. माझं स्वतःचं काम रात्री साडेदहानंतर, आणि हंगामात रविवारी पहाटे गुऱ्हाळावर. दोन हंगाम मी गुऱ्हाळंच रंगवली. उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीवर वाकलेला गुळव्या, चुलवाणात चिपाडं सारणारा पोरगा, आणि वाफ. जलरंगात वाफ रंगवता येत नाही, तिथं कागद कोरा सोडावा लागतो. एवढं कळायलाच पहिला हंगाम गेला. बावीस चित्रं झाली आणि शाहू स्मारकच्या कलादालनाची तारीख मिळाली ती नेमकी जुलैतली.

जुलैतलं कोल्हापूर आणि जलरंगाचा कागद यांचं वाकडं आहे. कागद हवेतली ओल पितो, फुगतो. ती ओल काचेमागं अडकली की बुरशीचे ठिपके आलेच. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचं माझं एक अख्खं बाड गेलं, तेव्हापासून ओलीची धास्तीच बसली आहे. म्हणून फ्रेमिंगचं काम महिनाभर आधी दिलं, निम्मे पैसे मोजून, काचेच्या दाराच्या मोठ्या दुकानात. नाव घेत नाही. प्रदर्शनाला पाच दिवस उरले तेव्हा तिथून उत्तर आलं, "मॅडम, कामगार गावाला गेलेत." दोन चित्रं तेवढी करून ठेवली होती, पाठीला गोंद फासून हार्डबोर्डवर चिकटवलेली. भिजलेल्या पापडासारखी दिसत होती. वर "काच लागली की काही कळणार नाही" हेही ऐकून घेतलं. एका ज्येष्ठांना फोन केला, तर ते म्हणाले, "फ्रेमशिवाय लाव, हल्ली चालतं." त्यांची स्वतःची चित्रं मी कायम सागवानी चौकटीतच बघितली आहेत.

सगळा गठ्ठा मांडीवर घेऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, भर पावसात रिक्षातून तुमच्या बोळात आले. तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाहीत. एकेक चित्र उचलून ट्यूबलाइटखाली धरत राहिलात. "जाळ बरोबर हाय," म्हणालात. मग, "शुक्रवारी पायजे? बरं." झालं. मी "येतो मामा" म्हणून निघाले.

ते चार दिवस तुम्ही आणि तुमच्या भाच्यानं कसे काढलेत मला माहीत नाही. लाइट जात-येत होती, एवढं ठाऊक आहे. माउंटच्या, म्हणजे मधे खिडकी कापून चित्राभोवती बसवायच्या पुठ्ठ्यांतली ओल जावी म्हणून बल्बखाली पुठ्ठे वाळत घातले होते, तेही एकदा बघितलं. चिकटवलेली दोन चित्रं तुम्ही काढून देऊ शकला नाहीत. "सोडवाय गेलो तर फाटंल," असं सरळ सांगितलंत. वीसच लागली.

पण पत्र लिहिते आहे ते फोनसाठी. बुधवारी रात्री पाऊण वाजता तुमचा फोन. माझ्या पोटात गोळा. काच फुटली असणार, नाहीतर पाणी शिरलं असणार.

"ताई, झोपला न्हाईसा न्हवं?"

"नाही मामा. काय झालं?"

"सही लई कडंला करताय तुम्ही. माउंट बसवला की आत जाती. नऊ कापून झाल्यावर ध्यानात आलं. काय करू? झाकू का ठिवू?"

मी काही बोललेच नाही. फोन कट झाला असं वाटून तुम्ही "हॅलो, हॅलो" करत राहिलात.

तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, पण सहा वर्षांपूर्वी एका समूह प्रदर्शनात माझं चित्र होतं. सही माउंटखाली गेलेली, शेजारची नावाची चिठ्ठी गळून पडलेली. दुसऱ्या दिवशी पेपरात चित्राचा फोटो आला, खाली भलत्याचंच नाव. मी आयोजकांकडं गेले तर म्हणाले, "चित्र छापून आलं ना, मग?" मीही हसले. हसण्यावारी न्यायची सवयच लागते. बारीक अक्षरात, अगदी कडेला, परवानगी मागितल्यासारखी सही करायची आणि ती गेली तर गेली. इतक्या वर्षांत कितीतरी माउंट कापले गेले, झाकू का ठेवू हे कुणी विचारलं नव्हतं. खरं तर मीही कधी सांगितलं नव्हतं.

"ठेवा, मामा."

"मग खिडकी दोन सूत वाढवतो. पांढरी कड दिसंल जरा. दिसू दे. नाव ऱ्हाऊ दे."

दोन सूत म्हणजे पाव इंच. त्या पाव इंचासाठी नऊ माउंट नव्यानं कापलेत, प्रत्येकाच्या चार बाजू, तिरपा काप देत, हातानं. बिलात ते नऊ पुठ्ठे नव्हते. मी विचारलं तर म्हणालात, "आधी बघाय पायजे हुतं मी. चूक माझी." तिकडं मोठ्या दुकानात माझी चित्रं खराब झाली होती आणि त्यांच्या लेखी चूक हवेची होती.

या गावाला आपण कौतुकानं कलापूर म्हणतो. चित्रकार आबालाल रहिमान यांचं नाव निघालं की हात कानाला लावतो. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री होतं आणि १९१८ साली त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, हे मात्र भाषणापुरतं लक्षात ठेवतो. नाटकाचे पडदे रंगवणारा हात आणि लेथवर चालणारा हात एकाच माणसाचे होते. आज उद्घाटनाला दीपप्रज्वलन कुणी करायचं यावर तासभर चर्चा होते आणि पुठ्ठा कापणाऱ्याला निमंत्रणपत्रिकाही जात नाही. माझ्याकडूनही गेली नाही, मामा. ते आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

तरी तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात ओली छत्री. ती दाराबाहेर ठेवावी की आत, म्हणून घुटमळत होतात. लोक चित्रांसमोरून बघत होते. तुम्ही एक फ्रेम हळूच भिंतीपासून सोडवून मागं डोकावलात, ओल नाही ना म्हणून. मग एकेका चित्राच्या उजव्या कोपऱ्याकडं वाकत वीसच्या वीस बघितलीत. अभिप्रायाची वही पुढं केली तर "अक्षर बरं न्हाई" म्हणून हात मागं घेतलात.

चार चित्रं विकली गेली. काहिलीचं मोठं गेलं ते सांगलीला.

तुमचे साडेचारशे रुपये अजून माझ्याकडं आहेत. त्या दिवशी सुटे नाहीत म्हणून तुम्ही ऱ्हाऊ दे म्हणालात, ते राहणार नाहीत. शनिवारी येतो. ती चिकटलेली दोन चित्रं मी नव्यानं रंगवली आहेत, तीही घेऊन येतो. सही या वेळी जरा आत केली आहे, पण कापायच्या आधी एकदा बघून घ्या.

तुमची,
गुऱ्हाळवाली ताई