सूचना: शनिवारी नाशिकच्या दूध बाजारात इफ्तारी

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला सारडा सर्कलपाशी जमायचं आहे. तिथून दूध बाजार, चौक मंडई पायीच. गाड्या आत आणू नका, रमजानात तिथे पाय ठेवायला जागा नसते.

– मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) अजानआधी कुणीही काही तोंडात टाकायचं नाही, रोजा नसलेल्यांनीसुद्धा.
– रोजेदारांनी आधी खजूर, पाणी, थोडं कलिंगड, बाकीचं नमाजनंतर. दिवसभराच्या रिकाम्या पोटावर समोसे-भजी आणि वर बर्फाचं सरबत, म्हणजे रात्री जळजळ ठरलेली. मधुमेहवाल्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.
– मालपुवा दोघांत एकच! कढईतून काढल्यावर खालचा कागद तुपाने आरपार दिसायला लागतो, तेवढ्यावरून समजा.
– सुटे पैसे आणा.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवा.