पाणी फिरेपर्यंत थांबलेल्या अँटेनावाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी बाबांच्या होडीवर टीव्हीचा अँटेना लावून उतरताना तुम्ही ठाण्याची गाडी पकडायच्या घाईत होतात, त्यामुळे धड आभार मानायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर "अहो ताई, कामच आहे ते आपलं" म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही एवढं त्या संध्याकाळी कळलं होतं. कळव्यात तुमच्या दुकानावरून जाणारे-येणारे तसेही ओळखतील.

आमची होडी लहान, शिडावर आणि वल्ह्यांवर चालणारी. आमच्या दिवाळे गावात आता बहुतेकांनी इंजिनं लावली, बाबांनी लावलं नाही. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यासमोर, पनवेलच्या खाडीत ती नांगरलेली असते. जाळी चोरीला जातात म्हणून राखणीला झोपतो, असं बाबा सगळ्यांना सांगतात. घरात आम्हाला खरं कारण माहीत आहे. आई गेली आणि ज्या खोलीत दोघं संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या लावून बसायची, त्या खोलीत बाबांना बसवेना. पण बातम्या हव्या होत्या. त्या न ऐकता जेवायला बसणं त्यांना माहीतच नाही. होडीवर गेल्यापासून ते रात्री नीट जेवत नव्हते, हे शेजारच्या बोटीवरच्या खलाशांनी आम्हाला सांगितलं.

"मोबाईलवर बघा की", असं सांगणारे पुष्कळ भेटले. जन्मभर ओला दोर ओढलेल्या माणसाची बोटं काचेवर उमटत नाहीत, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसावं. बाबा पडद्यावर बोट दाबत राहतात आणि फोन ढिम्म हलत नाही. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना तळहाताएवढ्या पडद्यावर काय दिसणार?

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही ज्यांच्या दारात गेलो, त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर तुमचं मोल कळणार नाही. एका कंपनीच्या फोनवरच्या मुलीने इमारतीचं नाव आणि मजला विचारला. होडी म्हटल्यावर "तशी सोय नाही" म्हणून फोन ठेवला. एका दुकानदाराने मोठ्या जहाजांवर असतो तो पांढरा घुमट दाखवला. त्याच्या आत मोटारीवरची डिश जहाज कितीही वळलं तरी उपग्रहाचा माग सोडत नाही म्हणे. किंमत काही लाख. आमची होडी विकून तो घुमट आला नसता, हे त्यालाही समोर दिसत होतं.

आणि एकाने पैसे घेतले. त्याने होडीच्या मागच्या अंगाला पत्रा ठोकून दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री बसवली. तो उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर. छत्रीचं तोंड दोन-तीन अंश सरकलं की चित्र गेलं. गच्चीवर एकदा बसवलेली छत्री वर्षानुवर्षं हलत नाही, पण एका नांगरावरची होडी पाण्याबरोबर फिरते. भरतीला नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, समुद्राकडे, ओहोटीला पनवेलकडे. हा माणूस भरतीला आला, कारण भरतीलाच होडीपर्यंत नीट पोचता येतं. पाणी भरून थांबलं होतं, होडी स्थिर होती, चित्र लख्ख. त्याने फोटो काढला, पैसे मोजून घेतले आणि गेला. ओहोटी लागली आणि पडद्यावर काळोख. फोन केला तर म्हणाला, "मी लावली तेव्हा चालत होती ना?" दुरुस्तीला आला तोही भरतीलाच, आणि चित्र लागलेलं बघून परत गेला. शेवटी बाबांना काय म्हणाला माहीत आहे? "होडी फिरू देऊ नका." सगळी हयात या खाडीत काढलेल्या माणसाला! बाबा काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी ती छत्री सोडवली आणि जेट्टीवर नेऊन ठेवली. पुढे टीव्हीचा विषय काढला की ते उठून जायचे.

तुमच्या दुकानात मी आले ती कुणीतरी सांगितलं म्हणून, फारशी आशा नव्हती. तुम्ही किती खर्च करणार हे न विचारता, होडी रात्री एका नांगरावर असते की दोन, हे विचारलंत. एका, म्हटल्यावर लगेच म्हणालात, "मग उपग्रह विसरा. वरळीचा मनोरा तर जागचा हलत नाही ना?"

वरळीचा दूरदर्शनचा मनोरा बाबांना चांगला ठाऊक. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा बाबा नुकते जाळ्यावर जायला लागले होते. घरोघरी पश्चिमेकडे तोंड करून बांधलेले ते अँटेना त्यांनी पाहिलेत. आम्हाला वाटत होतं, तो काळ संपला. जुनं प्रक्षेपण बंद झालं हे खरं, पण २०१६च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत जमिनीवरच्या मनोऱ्यावरूनच डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, आणि त्यात प्रादेशिक वाहिनीही आहे, ही गोष्ट आम्हाला तुमच्याकडे पहिल्यांदा कळली. इतक्या दुकानांत फिरलो, एकानेही सांगितली नव्हती. ज्यात दर महिन्याचा रिचार्ज नाही, ती गोष्ट कोण कशाला सांगेल?

तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला सांगता येणार नाही, समजलं तेवढं सांगते. एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन आडव्या दांड्या, प्रत्येक हातभराहून कमी लांबीची, म्हणजे होडी कुठेही वळली तरी त्या मनोऱ्याचं ऐकतील. अशा अँटेनाची ओढ कमी असते, म्हणून सिग्नल वाढवणारा बूस्टर. तो खाली टीव्हीजवळ न लावता वर अँटेनापाशीच का, असं बाबांनी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "काका, मासळीला बर्फ जाळ्यातून काढल्या काढल्या लावता की बंदरावर आणून? केबलमधून खाली येईपर्यंत सिग्नल नासतो. नासलेला मोठा करून काय उपयोग?" बाबांचं त्या क्षणापासून तुमच्याशी जमलं. मग त्यांनीच परबाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, वर-खाली करून दाखवलं, शीड चढवताना अँटेनाचा बांबू कुठे अडेल ते सांगितलं, आणि तुम्ही तो त्यांच्या सांगण्याप्रमाणे डोलकाठीला बांधलात. इन्व्हर्टर काढून टाकलात, बारा व्होल्टवर चालणारा छोटा टीव्ही सरळ बॅटरीला जोडलात. जुन्या केबलच्या टोकावर चढलेला हिरवा गंज नखाने खरवडून बाबांना दाखवलात आणि नव्या जोडावर ग्रीस लावून इतकी घट्ट टेप गुंडाळलीत की बाबा म्हणाले, दोर असाच वळायचा असतो.

चित्र लागलं. भरतीचं पाणी, होडी स्थिर, अगदी आधीच्यासारखंच. मी पाकीट काढायला लागले, कारण इथपर्यंतचं सगळं आम्ही आधीही पाहिलं होतं. तेव्हा तुम्ही बाबांकडे वळून विचारलंत, "काका, पाणी कधी फिरतं?"

दादा, हे पत्र खरं तर या एका प्रश्नासाठी आहे. इतके जण आले, कुणी हे विचारलं नव्हतं. बाबांनी एकदा खाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पावणेसहाला भरल. पन भांगाचा पानी हाय, होडी फिराला सात वाजतील." तुम्ही घड्याळ बघितलंत, कुणाला तरी फोन लावून म्हणालात, "आज येता येत नाही, उद्या सकाळी पहिलं तुमचं काम," आणि फळीवर मांडी घालून बसलात. हे बघूनच जातो, एवढंच बोललात.

भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी आळसावलेलं असतं. उधाणाला होडी झटकन वळते, भांगाला तिला कंटाळा येईपर्यंत वेळ लागतो. बाबांनी स्टोव्हवर चहा केला, मग भाकरी आणि सुका जवळा काढला. तुम्ही जेवत होतात, पण डावा हात टीव्हीखालच्या केबलवर होता आणि नजर सिग्नलच्या हिरव्या पट्टीवर. दिवेलागणीला दोर सैल पडला, नाळ जेट्टीच्या दिशेने सरकायला लागली. पट्टी तशीच होती. मी श्वास सोडला, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या मोठ्या बोटीची केबिन आमच्या आणि वरळीच्या मधे आली. पट्टी खाली बसली, चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि आवाज तुटायला लागला.

मला रडू यायचं बाकी होतं. बाबांनी मान फिरवली. तुम्ही मात्र हात धुतलेत आणि म्हणालात, "बरं झालं, माझ्यासमोर झालं."

बांबू सोडून वर सरकवलात, बाबांनी खालून आधार दिला, केबिनच्या डोक्यावरून अँटेना दिसायला लागल्यावर पुन्हा बांधलात. चित्र जुळलं. तरीही उठला नाहीत. होडी पूर्ण वळून नाळ पनवेलकडे स्थिर होईपर्यंत तसेच बसून राहिलात. सात वाजले. सह्याद्रीच्या बातम्या लागल्या. बाबांनी सगळ्या ऐकल्या, अगदी हवामानासकट, आणि मग मला म्हणाले, "पानी फिरला, पन चित्र नाय हालला." आई गेल्यापासून इतक्या मोकळ्या आवाजात ते बोललेले मी ऐकले नव्हते.

बसलेल्या वेळाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, बसायचे कसले पैसे.

हल्ली काम झालं की माणूस फोटो काढतो, आपल्याकडून ओटीपी घेतो, तक्रार बंद. यंत्र चाललं की नाही याच्याशी कुणाचं घेणंदेणं नाही, तक्रार बंद झाली की नाही याच्याशी आहे. बाबा सांगतात, त्यांची पहिली होडी पाण्यात उतरली तेव्हा ती बांधणारा सुतार रात्रभर किनाऱ्यावर बसून होता, सांधे पाणी घेतात का ते बघत. मजुरी त्याला आधीच मिळाली होती. माझा समज असा होता की अशी माणसं बाबांच्या गोष्टींतच उरली आहेत. कळव्यातल्या एका अरुंद दुकानात सोल्डरिंगच्या धुरात तसाच एकजण बसलेला आहे, हे मला उशिरा का होईना कळलं. आणि चांगलं काम करणाऱ्यांना गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळायचे धडे देणाऱ्या बड्या दुकानांनी तुमच्या शेजारी एक संध्याकाळ बसावं, असं मला मनापासून वाटतं.

परवा मुसळधार सर आली, अवेळी. घरच्या छत्रीचं चित्र गेलं, बाबांचं होडीवरचं चालू होतं. त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. जेवण झालं का विचारलं, तर हो म्हणाले.

आता एक काम. दिवाळ्यातले आणखी दोघे तसाच अँटेना मागतायत. त्यांच्याकडून मजुरी पूर्ण घ्या, बसलेल्या वेळाचीही. मी तसं सांगून ठेवलंय. आणि भांगाला येऊ नका, पौर्णिमेच्या उधाणाला या. तेव्हा दुपारी बारा-एकच्या सुमाराला भरती पुरी होते आणि होडी लवकर वळते, म्हणजे तुम्हाला संध्याकाळच्या आत घरी जाता येईल. बाबा म्हणालेत, शिमग्यालाच या, घरच्यांना घेऊन. त्यांनी बोई मासळी ठेवायची म्हटलंय, पण तुम्हाला काटे चालतात की नाही ते आधी कळवा.

तुमची,
होडीवाल्या काकांची लेक